बंद केलें म्हणजे बंद झालें काय?

मुलांना शब्दांचे अर्थ शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. परंतु ‘बंद’ या साध्या शब्दाचा अर्थ आम्हांस सेवानिवृत्तीनंतर, आणि तोहि एका यंत्राकडून शिकावा लागेल, असें कधीं वाटलें नव्हतें. या शिकण्यापायीं घरांतील एका निरपराध मुलीस आम्हीं बोल लावला, म्हणून ही हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचें घर बीड जिल्ह्यांत, गेवराई तालुक्यांतील उमापूर येथें आहे. घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. नातीच्या अभ्यासासाठीं चिरंजीवांनीं एक लॅपटॉप आणून दिला आणि माजघरांत राऊटर बसविला. राऊटर म्हणजे लुकलुकणाऱ्या दिव्यांची ती लहानशी पेटी. तिच्यांतून निघणाऱ्या रेडिओलहरींच्या साहाय्यानें घरांतील यंत्रें तारेवांचून एकमेकांशीं बोलतात. कलकत्त्यास १८९५ सालीं आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं अशाच अदृश्य लहरींनीं दूरची घंटा वाजवून दाखविली होती. आजच्या या घरगुती बोलण्याचे नियम १९९७ सालीं प्रथम ठरले, आणि ‘वायफाय’ हें त्याचें नांव १९९९ पासून रूढ झालें.

रात्रीं अभ्यास आटोपला कीं आमची नात आधीं वायफाय बंद करी आणि मग लॅपटॉप बंद करी. गेल्या पावसाळ्यांत एके सकाळीं तिनें यंत्र उघडलें, तों वायफायची खूणच नाहींशी झालेली! घरांतील दोन्ही फोनांवर इंटरनेट नीट चालत होतें. लॅपटॉप मात्र जणूं बहिरा झाला होता. तिनें तो तीन-चार वेळां बंद करून पुन्हां सुरू केला; कांहीं फरक पडेना. प्रवेशाचा अर्ज भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, आणि सर्व कागदांच्या प्रती त्याच यंत्रांत होत्या.

आम्हीं मास्तरी आवाजांत विचारलें, “काल नीट बंद केला नव्हतास ना?”

“आजोबा, रोज करतें तसाच केला.”

“मग तो आपोआप कसा बिघडेल? खरें काय तें सांगावें, बाळ.”

तिचे डोळे भरून आले. ती पुढें एक अक्षरहि बोलली नाहीं. मूळ कागद पिशवींत घालून ती वडिलांबरोबर एस.टी.नें गेवराईस गेली, तेथील एका दुकानांत रांगेंत उभी राहिली, आणि अर्ज भरून रात्रीं घरीं आली. सूनबाईंनीं पान वाढलें. परंतु ती न जेवतांच निजली. ‘मुलीनें मोठ्यांचें ऐकून घ्यावें’ असें आम्ही स्वतःशीं म्हणालों खरें. पण झोंप आम्हांसहि आली नाहीं.

तिसऱ्या दिवशीं पुण्यास संगणकाचें काम करणाऱ्या आमच्या पुतण्याचा फोन आला. सर्व ऐकून तो म्हणाला, “काका, ‘शट डाउन’ करूं नका, ‘रीस्टार्ट’ करा.” तसें केलें आणि दोन मिनिटांत वायफाय हजर! आम्ही चकित झालों. बंद करून सुरू करणें आणि रीस्टार्ट करणें, या दोहोंत भेद तो काय?

भेद आहे, आणि तो मोठा आहे. विंडोजच्या २०१२ सालीं आलेल्या आठव्या आवृत्तीपासून ‘फास्ट स्टार्टअप’ नांवाची एक सोय आहे. ती चालू असली म्हणजे ‘शट डाउन’ केल्यावर आपलें काम मिटतें. परंतु यंत्राच्या प्रणालीचा गाभा आणि निरनिराळ्या भागांना चालविणारे छोटे कार्यक्रम ज्या अवस्थेंत असतील, ती अवस्था जशीच्या तशी लिहून ठेवली जाते. सकाळीं यंत्र नव्यानें आरंभ न करतां तें टिपण वाचून उठतें, म्हणून लवकर उठतें. परंतु वायफाय चालविणारा कार्यक्रम रात्रीं अडखळलेला असेल, तर त्याचें अडखळणेंहि टिपणांत उतरतें आणि सकाळीं पुन्हां उभें राहतें. ‘रीस्टार्ट’ मात्र हें टिपण वापरीत नाहीं; सर्व आरंभ मुळापासून होतो.

हें ऐकतांच आम्हांस पाणिनीची आठवण झाली. व्याकरणांत ‘लोप’ म्हणजे नाश नव्हे, केवळ न दिसणें, असें त्यानें सांगून ठेविलें आहे; आणि प्रत्ययाचा लोप झाला तरी त्याच्यामुळें होणारें कार्य होतच राहतें, हेंहि सांगितलें आहे. हा नियम आम्हीं कितीदां तरी घोकला होता. पण समोरच्या यंत्रांत तो ओळखतां आला नाहीं.

ज्या घरीं असा प्रसंग येईल, त्यांनीं क्रमानें पाहावें. प्रथम दुसऱ्या फोनवर वायफाय चालतें काय तें पाहावें. तेंहि चालत नसेल, तर दोष राऊटरचा किंवा बाहेरच्या जोडणीचा समजावा. मग विमानाचें चित्र असलेली कळ चुकून दाबली गेली आहे काय तें पाहावें, कारण ती सर्व बिनतारी जोडण्या एकदम तोडते. नंतर ‘रीस्टार्ट’ करावें. यंत्र खरोखर पूर्ण बंद करावयाचें असेल, तर शिफ्टची कळ दाबून धरून ‘शट डाउन’ निवडावें. हाच त्रास वरचेवर होऊं लागल्यास ‘कंट्रोल पॅनेल’मधील ‘पॉवर ऑप्शन्स’मध्यें जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढून टाकावी. यंत्र उठावयास थोडा अधिक वेळ लागेल, इतकेंच.

त्या संध्याकाळीं दिवेलागणीनंतर आम्हीं नातीस जवळ बोलाविलें आणि सर्वांदेखत म्हटलें, “बाळ, तूं खरें बोलली होतीस. चूक आमची झाली.” ती क्षणभर गप्प राहिली; मग लॅपटॉप आमच्यापुढें ठेवून ‘रीस्टार्ट’ कोठें असतें तें दाखवूं लागली.

तेव्हांपासून एक गोष्ट मात्र मनांतून जात नाहीं. “गुरुजी, मी केलें होतें,” असें डोळ्यांत पाणी आणून सांगणारीं मुलें आमच्या वर्गांत कितीतरी येऊन गेलीं असतील. आमच्या समजुतींत त्यांचें म्हणणें बसलें नाहीं, म्हणून आम्हीं त्यांना खोटें ठरविलें. वही मिटली, तास संपला. परंतु त्यांच्या मनांत तो प्रसंग बंद झाला असेल काय? त्या मुलांना आतां गांठणें शक्य नाहीं. घरांत आणखी दोन नातवंडें लहान आहेत. त्यांचें म्हणणें तरी आधीं पुरतें ऐकून घ्यावें, एवढें आम्हीं ठरविलें आहे.