माझ्या हाताचं माप

पगारातून पैपै साठवून कंपाउंड धनुष्य घ्यायला गेलो. नेमबाजीत मी कालचा पोर. नवं परवडणारं नव्हतं. समोर दोन जुनी. एक काळं, झगझगीत, ६० पौंडी. दुसरं रंग उडालेलं, २० ते ४० पौंडांत बसवता येणारं. विकणारा म्हणाला, "मर्द गडी तू, साठचंच घे." छाती फुगली.

पण सूतगिरणीनं शिकवलंय, चकाकी बघू नको, ताण बघ. खिशातला कापूस काढला, धनुष्याच्या पात्यांवरून फिरवला. काळ्याच्या पातीला तंतू अडकले. तिथं बारीक चीर. ताणताना तुटलं असतं तर तोंडावरच. दोरीही पिंजलेली. वर त्याची ओढ ३० इंचांची. माझे पसरलेले हात १७० सेंटिमीटर. भागिले अडीच, ६८. म्हणजे २७ इंच.

दोस्तहो, एकलव्याचा अंगठा आपण विसरत न्हाई. पण खोट्या मर्दपणापायी आपला खांदा आपणच कापून देतो, त्याचं काय? २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. वय १७.

रंग उडालेलं घेतलं. २७ वर बसवलं. पूर्ण ओढलं की टोकाची चाकं फिरतात, भार बराच उतरतो, नेम धरायला उसंत मिळते. बाण न लावता दोरी कधी सोडत नाही, पाती फुटतात.

दोरी सोडायच्या चिमट्याला बटण असतं. ते मी अंगठ्यानं दाबतो. माझ्याच.