दोन सिमं, तीन देश

कॉन्स्टान्झ, १२ मे

ती. आक्कास सा. न.

सुखरूप पोचलो. लेकीच्या खिडकीतून बोडेनझे दिसतं. सरोवर एवढं मोठं की सकाळच्या धुक्यात पलीकडचा काठच दिसत नाही.

फोनचं विचारलं होतंस. तुझ्या धाकट्यानं निघताना क्यूआर कोड दाखवून युरोपचं ई-सिम भरून दिलं. हातात काहीच येत नाही, ना कार्ड, ना ती टोचायची पिन. आपलं जुनं सिमही आत आहेच. ते बंद करता येत नाही, पेन्शनच्या खात्याचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. नेट नव्यावर, ओटीपी जुन्यावर. एका घरात दोन चुली, पण भांडण नाही.

हे नवं सिमही इथं पाहुणंच, म्हणून त्याचं डेटा रोमिंग चालू ठेवावं लागतं. मी दोन्ही सिमांचं चालू केलं. शिवाय ‘डेटा आपोआप बदला’ असं एक बटण होतं. एका सिमचं नेट गेलं की फोन दुसऱ्यावर जातो म्हणे. सोय बरी वाटली, तेही दाबलं.

कॉन्स्टान्झ, १५ मे

आक्का, काल चालत परदेशी गेलो! गावाला लागूनच स्वित्झर्लंडचं क्रॉयत्सलिंगन. सरोवराकाठी मधे कुंपण होतं, ते काढून तिथं टॅरोच्या पत्त्यांवरची २२ शिल्पं उभी केलीत. पासपोर्ट कुणी विचारला नाही. पुष्कळ फोटो काढले, ते मागच्या मागं क्लाउडवर चढत राहिले. घरी येऊन बघतो तर कागलच्या जुन्या सिमचा बॅलन्स साफ.

जावयांनी उलगडा केला. १५ जून २०१७ पासून युरोपियन युनियनमधल्या सिमधारकांना एकमेकांच्या देशांत रोमिंगचा जादा आकार नाही, पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. माझ्या स्वस्त पॅकच्या यादीतही ते नव्हतं. टॉवर आपल्या देशाचा आकडा सांगत असतो, जर्मनीचा २६२, स्वित्झर्लंडचा २२८. २२८ आला तसे नव्या सिमनं हात वर केले आणि फोन इमानानं आपल्या सिमवर गेला. मला विचारलं नाही. विचारू नकोस असं मीच सांगून ठेवलं होतं, मग कंपनीशी काय भांडणार?

कर्नाटकाच्या हद्दीवरचा कोगनोळी नाका आठवला. आपण कागलातच उभे, पण फोन कर्नाटकचा टॉवर धरायचा आणि रोमिंगचे पैसे कापले जायचे. दाजी काय शिव्या घालायचे! इथंही तेच, जर्मनीच्या काठावरच्या बाकावर बसलं तरी स्विस टॉवर लागतो. दुसऱ्या महायुद्धात या गावानं रात्री दिवे मालवले नाहीत, म्हणून वरच्या विमानांना ते स्वित्झर्लंडच वाटलं आणि गाव वाचलं, असं इथले लोक सांगतात. त्यांचं भलं झालं, माझा बॅलन्स गेला.

फादुत्स, २० मे

आज लिख्टेनश्टाइनमध्ये. डोंगरावर राजाचा किल्ला, तो अजून तिथंच राहतो. खाली दुकानांत स्विस फ्रँक चालतात, स्वित्झर्लंडकडून येताना तपासणी नाही. पण हा चिमुकला देश युरोपियन आर्थिक क्षेत्रात आहे, म्हणून रोमिंगचा तो नियम इथंही लागू; स्वित्झर्लंड त्या क्षेत्रात नाही. त्यामुळे गाडीत सगळा वेळ मुका असलेला फोन, बसनं ऱ्हाइन ओलांडली आणि बोलू लागला. ‘आपोआप’चं बटण आता बंद आहे, घरच्या सिमचं डेटा रोमिंगही. तरी बँकेचा ओटीपी आला, एसएमएसला नेट लागत नाही.

तुम्ही दोघं जूनअखेर येताय. येताना मेतकूट आण. आणि दाजींच्या फोनमधलं घरच्या सिमचं डेटा रोमिंग मुंबईच्या विमानतळावरच बंद करून घे. सिम मात्र चालू राहू दे.

तुझा,
बाळू