मूकनायकाची शताब्दी आणि आम्ही गप्प केलेला मुलगा

३१ जानेवारी २०२०. 'मूकनायक'चा पहिला अंक निघाल्याला त्या दिवशी शंभर वर्षे पूर्ण झाली. मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे फाटा फुटतो, तो हातखंबा तिठा सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या बौद्धवाडीत आम्ही शताब्दीचा कार्यक्रम ठेवला होता. विहारात सतरंज्या, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार, भाड्याचा माईक आणि विद्यार्थ्यांची भाषणे.

त्यात दहावीतला एक मुलगा होता. वाचन दांडगे, पण बोलताना अडखळायचा. हे वाडीला माहीत होते आणि आम्हालाही. 'एकदा स्टेजवर उभा राहिला की भीती मोडेल' असे आमचे आम्हीच ठरवले, त्याला न विचारता त्याचे नाव यादीत घातले आणि पुकारले. तो उठला, माईकसमोर आला आणि 'मूकनायक' शब्दाच्या 'मू'वरच अडकला. ओठ मिटलेले, मान ताणलेली, डोळे बंद. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, 'गाडी स्टार्ट होत नाय.' पोरे हसली, मोठी माणसेही हसली. आम्ही पुढे झालो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, त्याचे वाक्य आम्हीच पूर्ण केले आणि लोकांना टाळ्या वाजवायला सांगितले. आपण त्याला वाचवले असे आम्हाला त्या क्षणी वाटले होते.

त्यानंतर तो विहारात आला नाही. पुढे लॉकडाऊन लागला, म्हणून कुणाच्या लक्षातही आले नाही. आमच्या आले. ज्यांना वाचा नाही त्यांची बाजू मांडायला बाबासाहेबांनी पत्र काढले आणि त्याच पत्राच्या शताब्दीला आम्ही एका पोराची होती ती वाचा बंद केली. एम.ए.ला समाजशास्त्रात आम्ही गॉफमनचे १९६३ चे 'स्टिग्मा' वाचले होते. कलंक माणसाच्या अंगात नसतो, तो समोरच्याच्या नजरेत तयार होतो, हे परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण नजर आमचीच असल्यावर ती आम्हाला दिसली नाही.

मग आम्ही या विषयाच्या मागे लागलो. वाचाउपचार तज्ज्ञांना भेटलो, वाचले, घरोघर विचारत फिरलो. जे समजले ते चळवळीतल्या मित्रांपुढे ठेवत आहोत.

पहिली गोष्ट तोतरेपणाची. तो बहुधा दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतो. बऱ्याच मुलांचा आपोआप जातो आणि मोठ्या माणसांत सुमारे शंभरात एकाचा उरतो. पुरुषांत त्याचे प्रमाण बायकांपेक्षा बरेच जास्त आहे. मेंदू बोलण्याच्या हालचालींची जी जुळवाजुळव करतो तिच्याशी त्याचा संबंध आहे आणि अनेकदा तो घराण्यात चालत येतो. भीतीमुळे तो वाढतो, पण त्याचे मूळ भीतीत नाही. तेव्हा 'भीती मोडेल' हे आमचे गणितच चुकीचे होते. आणखी एक गोष्ट कळली तेव्हा आम्ही खजील झालो. हा मुलगा सामूहिक वंदनेत कधीच अडखळत नसे. त्यावरून वाडीत म्हणायचे, 'वंदना बरी येते, मग बोलतानाच नाटकं कशाला?' वास्तविक तोतरे बोलणारी बहुतेक माणसे सर्वांबरोबर एका सुरात म्हणताना किंवा गाताना अडखळत नाहीत. ती तोतरेपणाची ओळखच आहे. आम्ही ती ढोंगाचा पुरावा म्हणून वापरली.

हसण्याने काय होते याचा एक जुना दाखला आहे. १९३९ साली अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या वेंडेल जॉन्सन या प्राध्यापकाच्या देखरेखीखाली एका अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग झाला. त्यातल्या नीट बोलणाऱ्या काही मुलांना मुद्दाम सांगत राहिले की, तुमचे बोलणे सदोष आहे, तुम्ही तोतरे होत आहात. मुले तोतरी झाली नाहीत, पण बोलायला घाबरू लागली, गप्प राहू लागली, शाळेत मागे पडली. विद्यापीठाने माफी मागितली ती २००१ मध्ये आणि २००७ मध्ये सरकारला ९ लाख २५ हजार डॉलरची भरपाई द्यावी लागली. प्रयोगाला मुले कुणाची निवडली? ज्यांच्या वतीने विचारणारे कुणी नव्हते त्यांची. हे आपल्याला वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट शेजारच्या एका वाडीतल्या चार वर्षांच्या मुलीची. ती बोलत नव्हती. घरच्यांनी जिभेला वेखंड लावले, पोपटाने चोच मारलेला पेरू खायला घातला, कुणी जिभेखालची तार कापायला सांगितले. एका डॉक्टरांनीही 'थांबा, बोलेल' म्हणून दीड वर्ष घालवले. आजी आम्हाला म्हणाली, 'मागल्या जन्मीचं काय तरी आसंल, बाळा.' भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी होते. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना तपासून नाकारली आहे, कारण याच कल्पनेने माणसाला त्याच्या दुःखाचा गुन्हेगार ठरवले आणि समाजाला मोकळे सोडले. २२ प्रतिज्ञा आपल्याला पाठ आहेत. पण घरातले मूल बोलत नाही म्हटल्यावर जुना धर्म मागच्या दाराने परत आत येतो.

त्या मुलीच्या जिभेला काहीही झालेले नव्हते. तिला ऐकू येत नव्हते. मूल बोलायला शिकते ते ऐकून. अशी मुले 'मुकी' नसतातच, त्यांच्यापर्यंत भाषा पोहोचलेली नसते. बाळाचा कान जन्मल्यावर महिन्याभरात तपासावा, शंका आल्यास तीन महिन्यांपर्यंत निदान व्हावे आणि सहा महिन्यांपर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा जगभर मानला जाणारा नियम आहे. तपासणीत काहीही दुखत नाही, झोपलेल्या बाळाचीही ती होते. आपल्याकडे चौथे वर्ष उजाडते. कारणे पाहिली तर गरिबी आणि रूढी हातात हात घालून उभ्या दिसतात: कमी वजनाचे बाळंतपण, अंगावर काढलेली कावीळ, वर्षानुवर्षे वाहणारा कान आणि त्यात ओतलेले कोमट तेल, मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल. त्या मुलीला आता श्रवणयंत्र आहे, वाचाउपचार सुरू आहेत, घरचे काही खुणांची भाषाही शिकले आहेत. खुणांची भाषा म्हणजे पराभव, असे काही जण समजतात. तसे नाही. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे, तिचा १० हजार शब्दांचा कोश झालेला आहे. मुलाला कुठली तरी एक भाषा वेळेत पुरी मिळाली पाहिजे, हा खरा मुद्दा.

तिसरी गोष्ट गावशाखेच्या एका जुन्या कार्यकर्त्याची. आम्ही त्यांना बाबा म्हणतो. सभेचा इतिवृत्तान्त तेच लिहायचे. अर्धांगवायूचा झटका आला आणि मुलाचे नावही तोंडातून निघेना. लोक म्हणाले, म्हाताऱ्याची बुद्धी गेली. पण संध्याकाळी विहारात वंदना सुरू झाली आणि बाबांनी त्रिसरण सगळे म्हटले. वाडीने त्याला चमत्कार ठरवले. तो चमत्कार नव्हता. बहुतेक माणसांत भाषेचे काम मेंदूच्या डाव्या भागात चालते, हे पॉल ब्रोका या फ्रेंच डॉक्टरने १८६१ पासून दाखवून दिले. तिथे इजा झाली की शब्द जुळवून बोलणे जाते, पण तोंडात बसलेली वंदना, गाणी, आकडे अनेकदा शाबूत राहतात. समज आणि बुद्धी जागेवर असू शकते. गाण्याच्या चालीवर छोटी वाक्ये बसवून बोलणे परत आणण्याची उपचारपद्धतीही आहे. बाबांना आता 'चहा', 'नको', 'जयभीम' म्हणता येते. झटका आल्यावर पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात. तोंड वाकडे, हात लुळा, बोलणे जड, यातले काहीही अचानक दिसले तर भगताकडे न जाता थेट मोठे रुग्णालय गाठावे.

इथे एक इशाराही दिला पाहिजे. सगळेच 'सदोष' बोलणे दोष नसते. एका शाळेत आमच्या वाड्यांतल्या मुलांना 'वाचादोष' म्हणून बाजूला काढले होते, कारण ती 'पाणी'ला 'पानी' म्हणत होती. ही बोली आहे, आजार नव्हे. पाच वर्षांचे मूल 'काका'ला 'ताता' आणि 'गाडी'ला 'दाडी' म्हणत असेल तर त्याला मदत हवी. 'पानी' म्हणणाऱ्याला नको. अमेरिकेत काळ्या मुलांची भाषा तोकडी आहे असे म्हणणाऱ्यांना विल्यम लेबोव्ह या भाषाशास्त्रज्ञाने १९६९ मध्ये सडेतोड उत्तर दिले आणि तिथल्या वाचाउपचार तज्ज्ञांच्या संघटनेने १९८३ मध्ये जाहीर केले की कुठलीही बोली हा विकार नाही. आपल्याकडे 'शुद्ध' या शब्दाला जातीचा वास आहे. म्हणून आपल्याला दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागेल. खऱ्या अडचणीला नशीब म्हणायचे नाही आणि बोलीला रोग म्हणू द्यायचे नाही.

काही मित्र विचारतात, अत्याचार, आरक्षण, जमीन हे प्रश्न सोडून हे काय काढले? २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले गेले. त्यात सुमारे ५० लाख ऐकण्याचे आणि सुमारे २० लाख बोलण्याचे. एकूण लोकसंख्येत दिव्यांगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींत २.४५ टक्के. म्हणजे हा प्रश्न आपल्या वस्तीत जास्त आहे. आणि अत्याचार झाल्यावर जबाब कोण देणार? ज्याला बोलता येत नाही त्याची फिर्याद कुठल्या भाषेत लिहिली जाणार? मुलाखतीत अडखळणाऱ्या आपल्या उमेदवाराला 'आत्मविश्वास नाही' म्हणून कमी गुण पडले तर ते कोण मोजणार?

कायद्यातही मोठी फट आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मानले आणि त्यात वाचा व भाषा दिव्यांगत्व आहे. पण त्याची व्याख्या स्वरयंत्र काढणे किंवा मेंदूच्या इजेने वाचा जाणे अशा शारीरिक अथवा मज्जासंस्थेच्या कारणांमुळे येणाऱ्या कायमच्या दोषापुरती आहे. बाबा त्यात बसू शकतात. त्या मुलीला श्रवणदोषाखाली हक्क मिळतो. शताब्दीच्या दिवशी अडखळलेला आमचा मुलगा मात्र प्रमाणपत्राच्या रांगेबाहेर उरतो. ही व्याख्या रुंदावण्याची मागणी आपण केली पाहिजे.

तोवर हातात आहे ते वापरूया. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या पथकाने अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांची एकदा तपासणी करायची असते, त्यात बहिरेपणा, उशिरा बोलणे, दुभंगलेला ओठ व टाळू सगळे येते. पथक आपल्या वाडीच्या अंगणवाडीत कधी आले, कोणाची नोंद केली, पुढे काय झाले, हे गावशाखेने विचारावे आणि वहीत लिहावे. मुंबईत वांद्र्याला केंद्र सरकारची अली यावर जंग संस्था १९८३ पासून आहे. हातखंब्याहून तिथे जायचे तर रात्रभराचा प्रवास, बुडालेली मजुरी आणि राहण्याचा प्रश्न. वाचाउपचार एका भेटीत होत नाहीत, आठवड्यामागून आठवडा चालतात. प्रत्येक गावाचे मुंबई मंडळ आहे. ते जयंतीची वर्गणी काढते, तसे अशा कुटुंबाच्या मुक्कामाची सोय का करू शकत नाही? आणि उपचार तालुक्यात मिळावेत यासाठी निवेदन, पाठपुरावा, मोर्चा हे आपले जुने काम आहेच.

आपली चळवळ भाषणांवर, जलशांवर, गाण्यांवर उभी राहिली. त्याचा अभिमान आहे. पण भाषण येत नाही तो कार्यकर्ता नाही, असा त्याचा अर्थ होऊ लागला असेल तर ते तपासावे लागेल.

गेल्या वर्षी तो मुलगा आम्हाला महामार्गावरच्या एका गॅरेजात भेटला. आता विशीत आहे. आम्ही त्याची माफी मागितली. तो बोलू लागला, मध्येच अडकला. आम्हाला पुढचा शब्द माहीत होता आणि तोंडाशीही आला होता. आम्ही थांबलो. मागून ट्रक जात होते. बऱ्याच वेळाने त्याचे वाक्य पुरे झाले: 'दादा, हसले त्याचं काय नाय. माझं वाक्य तुम्ही का बोललात?'

त्याला उत्तर देता आले नाही. तो अजून विहारात आलेला नाही. येईल तेव्हा माईक द्यायचा की नाही हे त्याला विचारू, आणि हो म्हणाला तर लागेल तेवढा वेळ सगळे बसून राहू, एवढे आम्ही वाडीच्या बैठकीत ठरवून घेतले आहे.

जयभीम!