सापाचं शून्य, बिबट्याचे चार

आमच्या बालवाडीत प्राण्यांचा तक्ता नव्हता. मारुतीच्या देवळाची ओसरी, कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि पत्र्याच्या एका डब्यात चिंचोके, सागरगोटे, नदीतले गुळगुळीत खडे, एवढंच सामान. 1972 च्या दुष्काळाच्या आगेमागचा तो काळ. जुन्नर तालुक्याच्या पूर्वेकडचं आमचं गाव तेव्हा बाजरीचं होतं. दुपारी सुकडी मिळायची आणि बाई ती वाढतानाही आम्हाला मोजायला लावायच्या. वाटी भरली की सगळ्यांनी मिळून आकडा म्हणायचा. शेवटच्या मुलापर्यंत आकडा पोचला नाही तर कुणीतरी उपाशी राहणार, हे आम्हाला कळत होतं, म्हणून कुणी चुकत नसे.

बाई कोसबाडला शिकून आल्या होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. माँटेसोरीची महागडी साधनं वारली पाड्यांवर परवडणारी नव्हती. मग त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, काटक्या हीच साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनं मुलाच्या अंगणात जावं, मूल गुरं राखत असेल तर कुरणात जावं, हा त्यांचा आग्रह. आमच्या बाई त्याच मुशीतल्या. आम्हाला अर्थातच यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला बाई ओढ्यावर नेतात एवढंच ठाऊक होतं.

पावसाळा सरत आला की ओढ्याकाठचा चिखल घट्ट होऊ लागतो. त्या दिवसांत सकाळी ऊन चढायच्या आत बाई आम्हाला तिथं न्यायच्या. कुंभाराच्या गाढवाचा खूर अखंड, म्हणून तो एक. बैलाचा खूर मधोमध दुभंगलेला, म्हणून दोन. कोंबडीची पुढची बोटं तीन. मागचं चौथं बोट मोजायचं की नाही यावर आमची दर वेळी भांडणं. कुत्र्याची चार. मग बाई आम्हालाच चिखलात पाय उमटवायला सांगायच्या, ती पाच. एकदा चिखलावरून वळत गेलेली एक रेघ दिसली. बाई खाली वाकल्या, म्हणाल्या, "ह्याची बोटं मोजा रे." आम्ही शोधत राहिलो. साप गेला होता. शून्य म्हणजे काय ते मला त्या रेघेनं शिकवलं. पाटीवरचा गोल पुष्कळ नंतर आला.

बिबट्याचा ठसा क्वचित दिसे. तोही चारच बोटांचा, म्हणून मुलं हमखास 'कुत्रा' म्हणत. मग बाई दोन्ही ठसे शेजारी शेजारी दाखवत. कुत्र्याची नखं चिखलात टोचलेली दिसतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्याच्या ठशाला ती खूण नसते. चार आणि चार सारखेच असले तरी चार कशाचे हे पाहावं लागतं, असं त्या सांगत. पाच वर्षांच्या पोराला याहून चांगलं गणित आणि याहून चांगलं प्राणिशास्त्र एकाच वेळी कुणी शिकवलं असेल, असं मला वाटत नाही.

घरीही मोजणीच होती. आजी अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायची, एका हातावर बारा. शेणी विसांनी मोजायची: "दोन विसा आन् पाच." चारा पाचुंद्यांनी, म्हणजे पाच-पाच पेंढ्यांनी. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. रानात उतरलेले धनगर संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढरं कोंडताना जोडीनं मोजून घेत, कारण लांडगे माळावरच असत. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं आणि केवढा गदारोळ झाला. मला मात्र आजीच्या विसा आठवल्या. मोजण्याच्या रीती आपल्याकडे कधीच एक नव्हत्या.

आणि वाघबकरी. देवळाच्या फरशीवर कोळशानं आखलेला पट, बकऱ्यांचे खडे पांढरे, वाघांचे काळे. किती बकऱ्या खाल्ल्या, किती उरल्या, वाघाला कोंडायला आणखी किती हव्यात, हे बोटांवर न मोजता सांगता येऊ लागलं की मोठी मुलं खेळात घेत. वजाबाकी आम्ही तिथं शिकलो.

माझी नात चाकणला इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत जाते. हुशार आहे, शंभरपर्यंत घडाघडा म्हणते. तिच्या पुस्तकात पाच सिंह, सहा जिराफ, सात झेब्रे आहेत. मोबाइलवर गाणं लागतं, एकेक प्राणी पडद्यावर उडी मारून येतो आणि आकडा म्हटला जातो. तिनं कोल्हा पाहिलेला नाही. खोकड हे नावही ऐकलेलं नाही. आमच्या वेळची मुलं कोल्हा आणि खोकड वेगवेगळे ओळखत. मला जिराफाबद्दल राग नाही. तो सुंदर प्राणी आहे आणि लहान मुलाला त्याचं नवल वाटावं हे योग्यच. पण जिराफ आफ्रिकेत राहतो, सिंह आपल्या देशात फक्त गीरच्या परिसरात उरला आहे आणि आपल्या राज्याचा प्राणी असलेला शेकरू आमच्याच जिल्ह्यात, भीमाशंकरला, झाडावर घरटं बांधून राहतो. तो पुस्तकात नाही. गावच्या अंगणवाडीची भिंत रंगवली तेव्हाही सिंह, जिराफ, झेब्राच आले, कारण रंगाऱ्याकडे तीच चित्रं होती.

तरी 'तेव्हाचं सगळं सोनं' असं मी म्हणणार नाही. तेव्हा घोरपड दिसली की दगड बसायचे, साळिंदराच्या बिळात धूर व्हायचा, आणि ते करणाऱ्यांत आम्हीही असायचो. गोष्टीतला लांडगा दुष्ट तो दुष्टच. त्यालाही पिल्लं असतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. नातीच्या पिढीला ते सांगितलं जातं, आणि ती खारीच्या पिल्लाला हात लावत नाही. शिवाय त्या ओसरीवर गावातली सगळी मुलं येत नव्हती. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि हळूहळू वाडीवस्तीपर्यंत अंगणवाडी पोचली. आज अंगणवाडीच्या ताई दारोदार जाऊन मुलं गोळा करतात, वजनं घेतात, खिचडी शिजवून घेतात, नोंदी मोबाइलवर भरतात. इतकं करून ओढ्यावर न्यायला त्यांना वेळ कुठून उरणार?

आणि वेळ असला तरी आता नेता येत नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, बाजरीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा असतो. त्यात सावली, पाणी, शेजारी कुत्री, डुकरं, शेरडं. बिबट्याची मादी उसातच विते, तोडणीच्या वेळी पिल्लं सापडतात, वनखात्याची माणसं ती रात्री त्याच जागी ठेवून आईची वाट पाहतात. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे. तक्त्यावर 'जंगलातले प्राणी' या मथळ्याखाली असलेला बिबट्या आमच्याकडे जंगलात नाही, तो घरामागच्या सऱ्यांमध्ये आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात त्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली आहेत. त्या घरांपुढे जुन्या आठवणींचं कौतुक सांगायला जीभ रेटत नाही.

म्हणून आता ताई मुलांना मोजतात. आली तेव्हा किती, लघवीला गेली तेव्हा किती, परतली तेव्हा किती. मुलं एकमेकांचा हात धरून स्वतःचा आकडा मोठ्यानं म्हणतात. एकटं जायचं नाही, बोलत चालायचं, उसाच्या कडेला वाकून बसायचं नाही, हे धडे त्यांना अंकांच्याच बरोबरीनं मिळतात. आम्ही बिबट्याची बोटं मोजत होतो. ही मुलं त्याच्यामुळे स्वतःला मोजतात. दोन पिढ्यांमधलं हे अंतर मला सगळ्यात जास्त टोचतं.

आजच्या काळानं दिलेली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. कॅमेरा ट्रॅपमध्ये निघालेले फोटो. वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके दोन जनावरांत कधी सारखे नसतात, त्यावरून अभ्यासक एकेक जनावर वेगळं ओळखून मोजतात. पूर्वी व्याघ्रगणना पाऊलठशांवर चाले. आता ती मुख्यतः अशा फोटोंवर उभी आहे. 2006 च्या गणनेत महाराष्ट्रात 103 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444. असे दोन बिबट्यांचे फोटो ताईंच्या मोबाइलवर मी मुलांना दाखवले. "एकच आहे का दोन?" विचारल्यावर मुलं डोकी एकत्र करून ठिपके शोधू लागली. एका पोरीनं खांद्याजवळच्या तीन ठिपक्यांवर बोट ठेवलं आणि दुसऱ्या फोटोत ते नाहीत हे तिनं सांगितलं. बाई असत्या तर त्यांनी तिला उचलून घेतलं असतं.

2023 मध्ये एनसीईआरटीनं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला: खेळणी, कोडी, बाहुल्या, गोष्टींची कार्डं. हाताशिवाय मूल शिकत नाही हे पुन्हा सरकारी कागदावर आलं, याचा मला आनंद आहे. आमच्या ताईंना मी म्हटलं, पिटारा येईल तेव्हा येईल, आपण ओढ्याचा चिखल तरी इथं आणू. एका जुन्या परातीत आम्ही तो भरून ठेवला आहे. गाढव गावात आता राहिलं नाही, पण बैलाचा खूर, कोंबडीचा पंजा, कुत्र्याचा पंजा आणि मुलांचे पाय उमटतात. भिंतही पुन्हा रंगवायची आहे. बिबट्या, तरस, कोल्हा, खोकड, लांडगा, साळिंदर, घोरपड, मुंगूस, शेकरू अशी यादी झाली. प्रत्येकाशेजारी त्याच्या पावलाचा ठसा काढायचा, असं ठरलंय. तरसाला घ्यायचं नाही यावर ताई अडून आहेत, मुलं घाबरतील म्हणतात. मी म्हणतो, घ्यायचंच. त्याच्या पायालाही चार बोटं आहेत आणि नखं कुत्र्यासारखी उमटतात.