हुडकोच्या अंगणातली अँबॅसॅडर

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर मागे पडले की गाडी भंडारा, गोंदिया करीत महाराष्ट्राच्या वेशीकडे सरकते. सालेकसा-दरेकसाचे जंगल लागते, डोंगरगडच्या बम्लेश्वरी देवीचा डोंगर दिसतो, राजनांदगाव येते आणि मग दुर्ग. दुर्गला खेटूनच भिलाई. स्टेशन जवळ आल्याचे कुणी सांगावे लागत नाही. पोलाद कारखान्याच्या चिमण्याच ते सांगतात.

सोव्हिएत रशियाच्या मदतीने हा कारखाना उभारण्याचा करार १९५५ साली झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या रुळांवरून आपण इथवर येतो, तसे रूळ इथेच तयार होतात. अगदी वेल्डिंगने जोडलेले २६० मीटर लांबीचे रूळसुद्धा! तेव्हा मध्य प्रदेशात असलेली भिलाई १ नोव्हेंबर २०००पासून छत्तीसगड राज्यात आहे.

कारखान्याभोवती आखीव सेक्टर वसले. त्यांच्या पलीकडे आमदी नगरच्या बाजूला जी वसाहत आहे, तिचे नाव हुडको. छत्रपती संभाजीनगरच्या किंवा नांदेडच्या वाचकाला हे नाव ऐकून हसू येईल, कारण त्यांच्याकडेही एक 'हडको' आहेच. १९७० साली दिल्लीत स्थापन झालेल्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाच्या इंग्रजी नावातली ही आद्याक्षरे. महामंडळ कर्ज देई, घरे उभी राहत आणि लोक वसाहतीलाच महामंडळाचे नाव देऊन टाकत. महाराष्ट्रात त्याचे 'हडको' झाले, भिलाईत 'हुडको' राहिले. फरक काय तो एका उकाराचा!

हुडकोच्या गल्ल्यांतून सकाळी फिरावे. एका दारात केरळी, दुसऱ्यात तेलुगू, तिसऱ्यात बंगाली, चौथ्यात भोजपुरी. अधूनमधून एखाद्या दाराशी रांगोळी आणि तुळशीवृंदावन दिसले की ओळखावे, हे घर आपले. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी माणूस आहे. कारखाना आल्यावर विदर्भातून आणखी कितीतरी आले. आणि अशाच एका मराठी घराच्या अंगणात ती उभी होती, १९७६ सालची पांढरी अँबॅसॅडर.

तुळशीकडे वळलेली चाके

घरातले बाबा भंडाऱ्याकडचे. कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. १९८९ साली त्यांनी ही गाडी जुनी म्हणून घेतली. दर नवरात्रात ती डोंगरगडला जाई. मुलीची पाठवणी तिच्यातूनच झाली. पुढे मुलाने नवी गाडी आणली आणि अँबॅसॅडर अंगणाच्या कोपऱ्यात गेली ती गेलीच. बारा पावसाळे तिने तिथेच काढले. उभी करताना चाके डावीकडे वळलेली राहिली होती, ती तशीच जाम झाली. नेमकी तुळशीच्या रोखाने!

"बारा वर्षं माझ्या तुळशीवर डोळे रोखून उभी आहे ही," असे आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

दिवाळीच्या आवराआवरीत मुलाने कबाडीवाल्याला बोलावले. त्याने गाडी पाहिली, भाव सांगितला, पण एक अट घातली. स्टिअरिंग फिरत नाही, म्हणजे ढकलली तर गाडी वृंदावनावर जाणार. तेव्हा इथेच गॅसने कापून तुकडे न्यावे लागतील. बाबा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "जायची असेल तर चाकांवर जाईल. माझ्या अंगणात तिचे तुकडे होणार नाहीत." मग मुलाकडे वळून म्हणाले, "आठ दिवस दे मला."

मुलगा म्हणाला, "बाबा, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहात तुम्ही."

"हात माझे आहेत. गाडीखाली तू आणि तुझा पोरगा शिरा," बाबांनी निकाल दिला.

आधी रोग, मग औषध

स्टिअरिंग जाम झाले की बहुतेक जण चाकालाच झटे घेऊ लागतात. बाबांनी नातवाला पहिला धडा दिला तो हाच, की काय अडले आहे ते कळल्याशिवाय हात लावायचा नाही. मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. पुढची बाजू जॅकने उचलून भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणी हात घालायचा नाही, ही कारखान्यातली शिस्त घरातही तितक्याच कडकपणे पाळली गेली. बसलेल्या टायरांमुळेच स्टिअरिंग जड होते की काय, तेही चाके अधांतरी झाल्यावर कळणार होते. तरीही ते हलेना.

अँबॅसॅडरचे स्टिअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे. स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला एक लहान दातेरी चाक असते. ते एका आडव्या दातेरी पट्टीला डावी-उजवीकडे सरकवते. पट्टीच्या दोन्ही टोकांना जोडलेले टाय रॉड पुढची चाके वळवतात आणि चाके वळतात ती किंगपिन नावाच्या उभ्या खिळीभोवती. म्हणजे अडण्याच्या जागा तीन : दातेरी पट्टी, टाय रॉडचे सांधे आणि किंगपिन. दोन्ही बाजूंचे टाय रॉड चाकापासून सोडवले की रोग कुठे आहे ते आपोआप कळते.

पण ते सोडवायचे कसे? निमुळती खिळ त्याच आकाराच्या भोकात घट्ट बसलेली असते. बाबांनी आधी स्प्लिट पिन काढायला लावली. नट सैल केला, पण पुरता काढला नाही. दोन-तीन आटे ठेवले, म्हणजे खिळ एकदम उडत नाही आणि आटेही खराब होत नाहीत. मग भोकाच्या कड्याला समोरासमोरून दोन हातोड्या एकाच वेळी मारायच्या. खिळीच्या टोकावर मात्र नाही! शेजारचे निवृत्त तेलुगू गृहस्थ दुसरी हातोडी घेऊन आले. चौथ्या ठोक्याला 'टक्' असा आवाज झाला आणि सांधा सुटला.

आता निदान सोपे होते. उजवे चाक हाताने वळू लागले. डावे जागचे हलेना, म्हणजे तिथली किंगपिन जाम होती. स्टिअरिंग थोडे फिरून एका जागी अडत होते, म्हणजे पट्टीवरही गंज होता. पट्टीच्या टोकांवरचे रबरी बूट फाटले होते. चाके वळलेली राहिल्यामुळे पट्टीचा एका बाजूला बाहेर आलेला भाग बारा वर्षे पाणी पीत बसला होता. गाडी दीर्घकाळ उभी करायची तर चाके सरळ ठेवावीत, हे तेव्हा कुणाला सुचले होते?

घाई करील तो फसेल

सुपेल्याच्या दुकानातून गंज सोडवणारे तेल आले. किंगपिनच्या वर-खाली ते सोडले आणि बाबांनी सगळ्यांना चहाला पाठवून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल. मुलाने पान्याला लांब पाईप लावून जोर करायचे सुचवले, तेव्हा बाबा म्हणाले, "लोखंड हट्टी आहे, पण मूर्ख नाही. जोर केलास तर गंज सुटायच्या आधी दांडाच तुटेल." गॅसच्या ज्योतीलाही त्यांनी मनाई केली. शेजारी रबर, तेल आणि ब्रेकची नळी असते. त्याऐवजी आईंनी किटलीभर उकळते पाणी दिले. ते बाहेरच्या भागावर ओतले की तो किंचित प्रसरण पावतो आणि तेलाला आत शिरायला वाट मिळते.

तिसऱ्या दिवशी चाक नखाएवढे हलले. नातू ओरडलाच! पण पुढे रेटायचे नाही, जितके आले तितके परत न्यायचे. पुढे-मागे, पुढे-मागे, मध्ये पुन्हा तेल. पाचव्या दिवशी चाक पूर्ण वळले. मग ग्रीसचे निपल काढून तारेने साफ केले, कारण आतले जुने ग्रीस मेणासारखे घट्ट झाले होते. ग्रीस गन दाबली तसे आधी काळे, मग विटकरी आणि शेवटी स्वच्छ ग्रीस बाहेर आले. ते स्वच्छ येईपर्यंत थांबायचे नसते. दातेरी पट्टीही उतरवून धुतली. दातांवर खड्डे पडले असते तर ती बदलावीच लागली असती. नशिबाने गंज वरवरचा निघाला.

मोकळे म्हणजे निर्धोक नव्हे

इथेच अनेक हौशी माणसे चुकतात. स्टिअरिंग फिरले की गाडी रस्त्यावर काढतात. बाबांनी चाक वर-खाली धरून हलवले आणि किंगपिनमध्ये ढिलाई दाखवली. बाजूंनी धरून हलवले, तर टाय रॉडचे सांधे खुळखुळत होते. धावत्या गाडीत यातला एक सांधा निसटला तर हातातले स्टिअरिंग आणि खालचे चाक यांचा संबंधच तुटतो. म्हणून नवे सांधे, नवे रबरी बूट आणि नव्या स्प्लिट पिना रायपूरहून आणल्या. किंगपिनच्या बुशांचे काम मापात करावे लागते. ते वर्कशॉपचे, घरचे नव्हे. ब्रेकच्या तेलात बारा वर्षांत ओल शिरलेली असणार, तेही बदलायचे. चाकांची समांतरता तपासायची. तोवर गाडी रस्त्यावर धावणार नाही, असे त्यांनी बजावले.

कागदपत्रांचेही बघावे लागेल. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणीत पास झाली तर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांसाठी २०२१च्या नियमांनी वेगळ्या 'व्हिंटेज' नोंदणीची सोय केली आहे, पण अशी गाडी रोजच्या वापरात चालवता येत नाही.

कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्यात अँबॅसॅडर तयार व्हायची आणि मुंबईत कुर्ल्याला फियाट, म्हणजे पुढे पद्मिनी. एकाच लोहमार्गाच्या दोन टोकांना दोन गाड्या आणि मधे पोलादाची भिलाई! पद्मिनीचे उत्पादन आधीच थांबले होते. २०१४ साली उत्तरपाड्याचेही काम बंद पडले. उरल्या त्या अशा अंगणातल्या गाड्या.

आठव्या दिवशी संध्याकाळी गल्लीतली माणसे जमली. टायरांत हवा भरली. बाबा स्टिअरिंगवर बसले. ब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून नातू हातात लाकडी पाचर घेऊन मागच्या चाकाबरोबर चालू लागला. चौघांनी हळूच ढकलले. चाके सरळ झाली, गाडी तुळशीला वळसा घालून फाटकाबाहेर पडली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि तशीच ढकलत परत आली. या वेळी बाबांनी ती चाके सरळ ठेवून उभी केली.

कबाडीवाला ठरल्याप्रमाणे आला होता. त्याने मुलाकडे पाहिले. मुलाने बाबांकडे पाहिले. मग तोच कबाडीवाल्याला म्हणाला, "अगले साल देखेंगे, भैया."

आईंनी तुळशीपुढे दिवा लावला. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिच्यावर कुणाचे डोळे रोखलेले नव्हते.

कसे जाल? मुंबई-हावडा मार्गावरील दुर्ग हे मोठे स्टेशन सोयीचे. भिलाई पॉवर हाऊस हे स्टेशनही आहे. जवळचा विमानतळ रायपूरचा. उन्हाळा फार कडक, तेव्हा हिवाळ्यात जावे. भारत-सोव्हिएत मैत्रीची आठवण म्हणून उभारलेली मैत्रीबाग आणि तिथले प्राणिसंग्रहालय मुलांना आवर्जून दाखवावे.