मागं कोण बसतंय?

तुमची गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली असेल, तर हा अनुभव तुमच्या ओळखीचा असणार. एकटे ऑफिसला जाता तेव्हा सगळं झकास. पण सणावाराला मागे तीन माणसं बसली, डिकीत बॅगा आणि नारळाचं पोतं पडलं, की गाडी मागून अशी खाली बसते की समोरच्याला वाटावं ही आता उडणार! रात्री समोरून येणारा प्रत्येक जण अप्पर-डिप्पर मारतो, कारण नाक वर झाल्यामुळे तुमचे हेडलाइट थेट त्याच्या डोळ्यांत जातात. आणि सोसायटीच्या गेटवरचा स्पीडब्रेकर येतो तेव्हा सगळे जण श्वास रोखून बसतात. खर्रर्र...

तसे स्पीडब्रेकरलाही नियम आहेत बरं का. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मापांप्रमाणे तो ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद पार होते. आपल्याकडे मात्र उरलेलं डांबर गल्लीत ओतलं की झाला स्पीडब्रेकर. उंची किती? मुकादमाच्या मूडवर!

बाबांची स्विफ्ट २००८ची. पंधरा वर्षं झाल्यावर २०२३मध्ये आरटीओत रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू केलं. या रिन्यूअलची फी एप्रिल २०२२पासून सहाशेवरून थेट पाच हजारांवर गेलेली, तरी बाबांनी ती हसत भरली. इंजिन ठणठणीत होतं. मागची बाजू मात्र पार वाकलेली. गणपतीत वैभववाडीजवळच्या आमच्या गावी जाताना आई, आजी आणि सामान मागे टाकलं, तर गाडी प्रत्येक खड्ड्यात आपटायची. आजीच्या पाठीचं दुखणं त्या प्रवासानंतर महिनाभर चाललं. 'आता मी यायची नाही' असं तिने जाहीर केलं, आणि बाबांनी गुपचूप गाडी विकायची चौकशी सुरू केली. पुण्यातल्या एका वर्कशॉपने दोन सल्ले दिले होते. एक, स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर ठोका. दोन, नवी गाडी घ्या. दोन्ही सल्ले एकाच माणसाचे, एकाच दमात.

मग मावशीच्या यजमानांचा फोन आला. 'कोल्हापूरला घेऊन या. उद्यमनगरात दाखवू.'

कोल्हापूर म्हटलं की आपण पुण्या-मुंबईची मंडळी अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा करून परत येतो. राजारामपुरीला लागून असलेलं शिवाजी उद्यमनगर कोणाच्या यादीत नसतं. फार तर मिसळीसाठी! कारण फडतरेंची मिसळ इथलीच. पण मिसळ खाऊन लगेच गाडीत बसू नका. मागच्या गल्ल्यांतून चालत जा. दर दहा पावलांवर एक शटर, आत एक लेथ, लेथवर वाकलेला एक माणूस. पायाखाली पोलादाचे निळसर कुरळे केस पडलेले. गिअर कटिंग, बोअरिंग, ग्राइंडिंग अशा पाट्या. हवेत कूलंटचा आंबूस वास. ही गल्ली आधी उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांवर मोठी झाली, मग फाउंड्र्या आल्या, पुढे मोठे कारखाने शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत गेले. गल्लीत राहिली ती सुटी कामं करणारी माणसं. ज्या पार्टची कंपनी बंद पडली, तो पार्ट बनवून देणारी.

या गावाला ही खोड जुनीच. बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता, तेव्हा त्यांनी कॅमेराच इथे घडवला आणि १९२०मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आणला. राजाराम महाराजांची मेबॅक अजून दसऱ्याला दसरा चौकात येते, आणि सोनं लुटायला आलेली गर्दी आधी गाडी बघते. जुनं यंत्र म्हणजे भंगार, हे कोल्हापूरला पटतच नाही.

आमचे मेस्त्री पन्नाशीचे. (इथे मिस्त्री नाही, मेस्त्री म्हणायचं.) आम्ही गाडी लावली, बाबांनी तक्रारींची यादी काढली. ती त्यांनी ऐकलीच नाही. डिकीवर दोन्ही हात ठेवून गाडी खाली दाबली आणि सोडली. गाडी वर आली, पुन्हा खाली, पुन्हा वर. 'शॉकअप गेलं,' ते म्हणाले. मग टेप काढला आणि विचारलं, 'मागं कोण बसतंय?'

हा प्रश्न आम्हाला आजवर कोणी विचारला नव्हता. नवीन गाडी घेताना सेल्समनने सनरूफ हवं का विचारलं होतं, मागे कोण बसणार हे नाही.

बाबांनी सांगितलं, आई, आजी, सामान. मेस्त्रींनी मान हलवली आणि माप घेतलं. तेही जमिनीपासून नाही. चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. का? तर टायरमधली हवा कमी-जास्त असली की जमिनीपासूनचं माप फसवतं. डावीकडे एक आकडा, उजवीकडे सहा मिलिमीटर कमी. मग गॅरेजमधली तीन पोरं मागे कोंबली, डिकीत ऑइलचा डबा ठेवला, पुन्हा मापं. सगळे आकडे खडूने भिंतीवर.

'ताई, लोक म्हणत्यात शॉकअप गेलं म्हणून गाडी बसली. शॉकअप वजन उचलतच न्हाई. वजन स्प्रिंग उचलतीय. शॉकअप नुसतं तिला नाचू देत न्हाई.'

सस्पेन्शनवरचे कितीतरी इंग्रजी लेख वाचून मला जे कळलं नव्हतं, ते या तीन वाक्यांत कळलं. आमच्या गाडीत तर हे उघड दिसतं. पुढे दोन्ही एकत्र असतात, मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळं. दोन्ही मागची चाकं एका आडव्या, थोड्या पिळल्या जाणाऱ्या तुळईला जोडलेली, त्या तुळईवर स्प्रिंगा उभ्या. सतरा वर्षं वजन उचलून स्प्रिंगा खचलेल्या. शॉकअपमधून तेल गळालेलं. गाडी शेवटी टेकते तिथल्या रबराचा तर भुगा झाला होता, त्यामुळे खड्ड्यात आपटलं की लोखंडावर लोखंड. आजीच्या पाठीचं कारण हातात धरून बघितलं मी!

बफरचा सल्ला ऐकून मेस्त्री हसले. रबर घातलं की स्प्रिंगची एक-दोन वेटोळी कामातून बाद होतात, त्यांचा वाटा उरलेल्या वेटोळ्यांवर पडतो. गाडी उंच दिसते, पण दणके वाढतात.

त्यांचा उपाय असा. स्प्रिंगा नव्या, पण कंपनीच्या मूळ मापाच्या. शॉकअप नवी, बुश नवे. आणि स्प्रिंगखालच्या जाड रबरी बैठकीच्या जागी पोलादी नळी, तिच्यावर आटे, आट्यांवर फिरणारी रिंग आणि तिला जखडणारी दुसरी रिंग. रिंग वर फिरवली की स्प्रिंग वर, गाडी वर. खाली फिरवली की कंपनीने दिली होती तीच उंची. एका फेऱ्याला दोन मिलिमीटर.

रेसिंगवाल्यांच्या भाषेत याला मोठमोठी नावं आहेत. कल्पना मात्र जुनी. फ्रान्सच्या सित्रोएनने १९५४मध्ये तेल आणि वायूवर चालणारं, कितीही वजन टाका उंची तीच ठेवणारं सस्पेन्शन आधी फक्त मागच्या चाकांनाच लावलं होतं. पुढच्या वर्षी पॅरिसच्या शोमध्ये त्यांची डीएस आली ती चारही चाकांवर. म्हणजे मागच्या सीटवरच्या माणसाचा विचार त्यांनीही आधी केला! आमची रिंग अर्थात एवढी हुशार नाही. डॅशबोर्डवर बटण वगैरे काही नाही. गाडी जॅकवर घ्यायची, हुक पाना घ्यायचा आणि अर्धा तास घाम गाळायचा.

नळी गल्लीतल्याच लेथवर झाली. 'बीड नको, तडकंल. ईएन-एट घे,' एवढाच निरोप. टर्नरच्या शेजारी त्याची अकरावीतली मुलगी वह्या घेऊन बसली होती. 'मी बघतो की, बाबा,' म्हणत तिने व्हर्नियरने आट्यांचं माप घेतलं. (हो, 'मी बघतो'. कोल्हापूरच्या मुलींचं हे 'मी जातो, मी करतो' ऐकायला मला भयंकर आवडतं.) अर्धा मिलिमीटर जास्त निघालं. नळी परत लेथवर चढली. वडील एक शब्द बोलले नाहीत.

तेवढ्यात एक कॉलेजकुमार आला. लाल हॅचबॅक, काळ्या काचा, हातात ग्राइंडरने कापलेल्या स्प्रिंगा. त्याला मागची बाजू खाली हवी होती, अगदी टायर मडगार्डमध्ये जाईपर्यंत. 'आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी केलंय, मेस्त्री.' मेस्त्रींनी त्यालाही तोच प्रश्न विचारला, मागं कोण बसतंय? तो म्हणाला, कधी कधी बहीण. क्लासला सोडतो.

मग मेस्त्रींनी त्याला गाडीखाली नेलं, मीही वाकून बघितलं. एबीएस नसलेल्या बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला जोडलेली एक छोटी झडप असते. गाडी मागून खाली बसली की तिला वाटतं, वजन वाढलं, आणि ती मागच्या ब्रेकना जास्त जोर देते. गाडी तुम्ही मुद्दामच खाली बसवली, तर रिकाम्या गाडीतही तिला वजन आहे असंच वाटत राहणार. पावसात ब्रेक दाबला की मागची चाकं आधी लॉक, आणि गाडी गरकन फिरली. आमच्यासारखी उंच केली तर उलटं, भरलेल्या गाडीत मागचे ब्रेक कमी लागतील. म्हणून उंची बदलली की ती झडपही बघावी लागते. शिवाय कापलेली स्प्रिंग चाक हवेत लोंबकळलं की बैठकीतून सुटू शकते.

पोरगा नाराज होऊन गेला. दुसरीकडे कोणीतरी करून देईलच, हे मेस्त्रींनाही माहीत होतं. दारापर्यंत जाऊन ते थोडा वेळ रस्त्याकडे बघत उभे राहिले.

आमच्या बाबांनाही त्यांनी सोडलं नाही. बाबांना चांगली दोन इंच उंची हवी होती, एकदाचा प्रश्न मिटेल म्हणून. मेस्त्री म्हणाले, पंधरा मिलिमीटरच्या वर एक सूत नाही. गाडी वर उचलली की चाकाला खड्ड्यात खाली जायची जागा तेवढीच कमी उरते, शॉकअप ताणलं जाऊन धक्का देतं. आणि कायद्याचंही आहेच. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय की, आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असे बदल गाडीत करता येत नाहीत. खचलेला भाग बदलणं वेगळं आणि गाडीचा उंट करणं वेगळं. तुम्ही असं काही करणार असाल, तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर वाकून बघतो, हे विसरू नका.

सगळं बसवून झालं तेव्हा संध्याकाळ झाली होती. तुळईच्या बुशचे बोल्ट मेस्त्रींनी चाकं जमिनीला टेकल्यावर, गाडीचं वजन पडल्यावरच शेवटचे आवळले. लोंबकळत्या चाकांवर आवळले तर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. ही गोष्ट तुमच्या गॅरेजवाल्याला जरूर विचारा. उत्तरावरून माणूस कळेल! पोरं पुन्हा मागे बसली. रिंग तीन फेरे वर, म्हणजे स्प्रिंगपाशी सहा मिलिमीटर. चाकापाशी मोजले तर आठ भरले, कारण चाक स्प्रिंगच्या मागे, बिजागरीपासून जास्त लांब असतं. लेथचं बिल आमच्या दोन वीकएंडच्या मॉल-मल्टिप्लेक्सएवढं. स्प्रिंगा आणि शॉकअपचे पैसे वेगळे, पण तेही नव्या गाडीच्या एका ईएमआयच्या आत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशीकडून आई आणि आजीला उचललं आणि गगनबावड्याचा रस्ता धरला. आजी मागे बसायला तयार नव्हती. 'पुढं बसते, नाहीतर एसटीनं जाते.' शेवटी गगनबावड्यापर्यंत बसून बघते, यावर तडजोड झाली.

कोल्हापूर ते गगनबावडा साधारण ५५ किलोमीटर. हंगाम सुरू झालेला. समोर उसाने शिगोशीग भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मध्येच एखाद्या गुऱ्हाळाचा गोड धूर. कळ्याच्या पुढे डोंगर जवळ यायला लागतात. रस्ता कुठे तुकतुकीत, कुठे पार उखडलेला. थोडक्यात, टेस्टिंगला आदर्श. पहिला बिनपाटीचा स्पीडब्रेकर आला तेव्हा बाबांनी सवयीने सगळ्यांना 'धरून बसा' म्हटलं. गाडी वर गेली, खाली आली, एकदाच. आवाज नाही. पुढच्या स्पीडब्रेकरला बाबा काही बोलले नाहीत.

गगनबावड्याला चहाला थांबलो. वर गगनगड ढगात अर्धा बुडालेला. इथून कोकणात उतरायला दोन घाट, करूळ आणि भुईबावडा. पावसाळ्यात दरडी पडतात, त्यामुळे निघण्यापूर्वी कोणता चालू आहे ते विचारून घ्या. आम्ही भुईबावड्याने उतरलो. अरुंद, हिरवा, वळणावळणाचा. भरलेली गाडी वळणावर पूर्वी डुलायची, मागची बाजू अर्धा क्षण उशिरा यायची. तो उशीर गेला होता. आजीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला ती घोरायला लागली. आईने मला आरशातून खूण केली, गाणी बंद कर.

निघताना मेस्त्रींनी बजावलं होतं. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला किंचित बसतात, महिनाभराने माप घेऊन फोन करायचा. मी टेप घेऊन पार्किंगमध्ये उकिडवी बसले, वॉचमन बघत राहिला. डावीकडे दोन मिलिमीटर कमी, उजवीकडेही दोन. फोन लावला.

'दोन्हीकडं सारखंच न्हवं? मग झालं. वरची रिंग एकदा आवळून घ्या, अन् आता फोन करू नका. आजी काय म्हणत्यात?'

आजी पुढच्या गणपतीचं विचारत होती.