थांबलेलं गिऱ्हाईक

सुताचे भाव उतरणार अशी कुणकुण लागली, की भिवंडीत कापडाचा व्यापारी हात आखडता घेतो. माग चालूच असतात, थानांची थप्पी वाढत जाते, पण मालाला उचल नसते. यंत्रमागांच्या या गावात हा धडा मला लहानपणीच मिळाला. पुढे नाशिक महामार्गालगतच्या गोदामात इलेक्ट्रॉनिक मालाचं नियोजन हाती आलं आणि गेम कन्सोलनी तोच धडा पुन्हा गिरवून घेतला.

नवा कन्सोल दुकानात आला, की त्या दिवसापासून प्रतिस्पर्ध्याचा खप घटतो, असा सर्वसाधारण समज आहे. घट त्याच्या कितीतरी आधी, घोषणेपासूनच सुरू होते. सेगाच्या ड्रीमकास्टचं उदाहरण घ्या. अमेरिकेत तो ९ सप्टेंबर १९९९ रोजी आला आणि धडाक्यात विकला गेला. पण सोनीनं आपल्या पुढच्या प्लेस्टेशनची माहिती त्याच वर्षीच्या मार्चमध्ये देऊन ठेवली होती. त्यावर डीव्हीडी सिनेमे पाहता येणार होते, जुन्या प्लेस्टेशनचे गेमही चालणार होते. सेगानं २००० साली किंमत १९९ डॉलरवरून १४९ वर आणली. ऑक्टोबरमध्ये प्लेस्टेशन २ अमेरिकेत आला, तोही ठरल्याच्या निम्माच, पाच लाख. दुकानं रिकामी होती, तरी बरेच लोक थांबून राहिले. ३१ जानेवारी २००१ रोजी सेगानं ड्रीमकास्टचं उत्पादन बंद करण्याची घोषणा केली.

हे थांबणं गोदामात डोळ्यांना दिसतं. घोषणा झाली, की आधी चौकशा कमी होतात, मग ऑर्डरी. पॅलेटवरच्या पारदर्शक प्लास्टिकवर धूळ धरते. बोट फिरवलं तर रेघ उमटते. शेजारच्या रॅकमधला मिक्सर रोज हलतो आणि तो कन्सोल जागा अडवून बसतो. जागेचं भाडं मात्र दोघांनाही सारखंच लागतं.

भारतात २०२० साली एक्सबॉक्सची नवी जोडी १० नोव्हेंबरला आली, दिवाळीच्या चार दिवस आधी. धाकट्या सिरीज एसची किंमत ३४,९९० रुपये होती. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे थेट २ फेब्रुवारी २०२१ रोजी पोहोचला, ४९,९९० रुपयांना. मधल्या ८४ दिवसांत सणाचं मैदान एक्सबॉक्सला मोकळं होतं. तरीही जानेवारीत प्लेस्टेशनची आगाऊ नोंदणी उघडली, तेव्हा माल मिनिटांत संपला. ज्यांच्याकडे प्लेस्टेशन ४ च्या डिस्क होत्या आणि ज्यांचे मित्र त्यावरच खेळत होते, त्यांना सणाची घाई नव्हती. त्यांचे जुने गेम नव्या यंत्रावर चालणार होते.

प्रतिस्पर्ध्याकडे माल नसला, की त्याचं गिऱ्हाईक आपल्याकडे येईल, या भरवशावर गोदाम भरू नये, हे मी या व्यवसायात शिकलो. येतो तो ज्याचं अजून काहीच ठरलेलं नाही तो, म्हणजे पहिल्यांदा घेणारा आणि किंमत पाहून घेणारा. ज्याचं ठरलेलं असतं, तो महिनोन्‌महिने वाट पाहतो.

दुकानदारांना माझं सांगणं एवढंच, की प्रतिस्पर्ध्याच्या घोषणेची तारीख आपल्या खरेदीच्या वहीत लिहून ठेवा. आणि यंदाच्या दिवाळीत मुलासाठी कन्सोल घेणाऱ्या आईवडिलांनी किमतीच्या आधी मुलाला विचारावं, तुझे मित्र कशावर खेळतात?